शाकारणी

दापोलीकडच्या आमच्या घरात माजघरात ऊन पडायचे ते वर्षातून एकदाच, वैशाखात कौले उतरवली की. वाशांच्या आणि रिपांच्या सावल्या सारवलेल्या जमिनीवर आखून काढल्यासारख्या पडत. एरवी अंधारात बसलेली उतरंड, लोणच्याच्या बरण्या, भिंतीवरचा धुराचा थर, सगळे उघडे पडे. आजी कुरकुरत साऱ्यावर जुनी लुगडी पांघरी, कारण वरून वर्षभराची कोळिष्टके, पातेरा आणि उंदरांनी पळवलेल्या सुपाऱ्या खाली येत.

तेव्हा घरावर नळीची कौले होती. कुंभार ती चाकावर नळ्यासारखी घडवी आणि मधोमध चिरून भाजी. ही कौले एकमेकांत अडकत नाहीत, नुसती एकावर एक टेकलेली असतात. मांजर धावले, वानरे पाख्यावरून उड्या मारत गेली, फणसाची फांदी घासली, की ती सरकलीच. मग दरवर्षी सगळे छप्परच परतावे लागे. पाख्यावर दोन गडी, शिडीवर एक आणि खाली कौले पुसायला आम्ही मुले. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचे. खणखणीत वाजले तर पुन्हा वर, बद्द आवाज आला तर तडा गेलेला, ते बाजूला. लावताना वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे चढत जायचे, म्हणजे वरचे कौल खालच्यावर येते आणि पाणी न अडखळता पागोळ्यांपर्यंत जाते.

सारी घाई वळवासाठी असे. अर्धे छप्पर उघडे असताना दुपारी पूर्वेकडे ढग जमले की गड्यांचे हात भराभर चालत. पण शाकारणी पुरी झाल्यावर त्याच वळवाची वाट बघितली जाई. वाऱ्यासकट तिरपा येणारा तो पाऊस म्हणजे केलेल्या कामाची परीक्षा. आमचे अण्णा हातात वेळूची काठी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत. थेंब दिसला की खालूनच काठीने कौल जरा वर सारत, आणि गळती तिथल्या तिथे थांबे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागायच्या आत घर आणि माणसे, दोघेही तयार असत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात याला हौस म्हणून चालत नसे.

पुढे घरावर मंगलोरी कौले आली. 1865 साली बासेल मिशनने मंगलोरला त्यांचा कारखाना काढला आणि तिथून ती सगळ्या किनाऱ्यावर पसरली. या कौलांना खाचा असतात, एक दुसऱ्याला धरून बसते. अख्खे छप्पर उतरवण्याची गरज संपली. फुटलेली बदलायची, सांध्यातला पातेरा झाडायचा, आढ्याचा सांधा लिंपायचा, एवढेच काम उरले. आजीला उसंत मिळाली आणि माजघरात मधोमध एक काचेचे कौल बसले, त्यामुळे ऊन रोजचेच झाले.

मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा चाळीच्या वरच्या मजल्यावर पत्र्याखाली राहिलो. तिथे मे महिन्यात खिळ्यांच्या भोकांवर डांबर फासायचे आणि वर ताडपत्री बांधायची, की तयारी झाली. मग डोंबिवलीत स्लॅबचे घर घेतले आणि वाटले, आता जन्मभर छपराकडे मान वर करून बघायला नको.

प्रत्येक छप्पर आधीच्यापेक्षा पक्के होते आणि प्रत्येकाने आमचे लक्ष थोडे थोडे काढून घेतले. कौल गळले तर थेंब जवळपासच पडतो, वर बघितले तर फटीतून उजेडही दिसतो. स्लॅबमध्ये पाणी एका ठिकाणी शिरते आणि भलत्याच कोपऱ्यात ओल दाखवते. ती दिसेपर्यंत आतली सळई गंजायला लागलेली असते. गंजलेले लोखंड फुगते आणि खालचे काँक्रीट फोडून ढलपे पाडते. तिथे अण्णांची काठी चालत नाही.

शिवाय गच्ची कोणाचीच नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून गळती झाली तर वरच्या मजल्यावरच्या छताची दुरुस्तीही संस्थेनेच करायची असते. पण आमच्याकडे हा विषय सभेत येई तो ऑगस्टमध्ये, ओल्या भिंतीचे फोटो फिरल्यावर. तोवर कोबा उकरण्याचे दिवस गेलेले असत. मग पुन्हा निळे प्लास्टिक.

कौलांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आमच्या गावातली शाकारून ठेवलेली छपरेही उडाली आणि पाऊस तोंडावर असताना कित्येकांनी पत्रे घातले. त्यांना दोष कसा देणार? पण गावात अजूनही वैशाखात कोणी ना कोणी शिडी लावून पत्र्याच्या खिळ्यांवर हात फिरवतो. ही सवय टिकली, ती मला कौलांपेक्षा मोलाची वाटते.

म्हणून स्लॅबखाली राहणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. मे लागला की झाडू घेऊन गच्चीवर जा. पाणी जाण्याच्या तोंडावरची जाळी मोकळी करा, कुंड्या हलवून खालचा कोबा बघा, कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे रोप असेल तर मुळासकट काढून फट भरून घ्या. शंका असेल तर पाइपांची तोंडे बंद करून चोवीस तास पाणी साठवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला होता, तेव्हा मृगाच्या भरवशावर राहू नका. हे सगळे मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका.