नववी मात्रा

सोमवार, ७ जुलै २०२५
दिवसभर पाऊस. तबल्यावर थाप मारली तर पोत्यावर मारल्यासारखी. कातडं ओल धरतं, सैलावतं, स्वर उतरतो. सरांनी बजावलं होतं, तरी मी हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोकलंच. एक बाजू चढली, समोरची जागची हलेना. "आई, राहू दे, सर करतील."
मग हातावर ताल देत नुसती पढंत. नवव्या मात्रेला माझा हात खाली, आणि लेक खुशाल 'धा' म्हणते! खालीला डग्गा बंद, एवढं मलाही ठाऊक आहे. दोनदा टोकलं. गाल फुगले.

मंगळवार, ८ जुलै
सरांनी मला नेमून दिलेलं काम एकच: तिच्या अनामिकेवर लक्ष. 'ना' वाजवताना ती शाईच्या कडेला टेकलेली हवी. हिची उचलली जाते, बशीतून चहा पिणाऱ्याच्या करंगळीसारखी. तर्जनी चाटेवर अचूक पडते, पण नाद नुसता घुमतो. "बोट" म्हटलं की चार आवर्तनं टेकतं. पुन्हा "बोट".
काळी शाई कशाला, असं तिने विचारलं. म्हटलं, तिच्यामुळेच हे कातडं इतर ढोलांसारखं बेसूर वाजत नाही, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये त्यावर लेख लिहिलाय. "त्यांची आईपण बोट-बोट करायची?"

बुधवार, ९ जुलै
पोळ्या लाटता लाटता टाळी. "आई, तू पळतेस." मी? फोनवर लेहरा लावला, साठच्या लयीत. खरंच पळत होते. ठाय लयीत दोन मात्रांमधली जागा सोसवत नाही मला. एक पोळी करपली. नवव्याला पुन्हा तेच 'धा', पुन्हा टोकलं.

गुरुवार, १० जुलै, गुरुपौर्णिमा
मार्केट यार्डातून शेवंती आणली. बसला ही गर्दी, फुलं डोक्यावर धरून क्लास गाठला. सरांना विचारलंच. म्हणाले, ठेका म्हणा. धा तिं तिं ता. खाली नवव्याला, पण डग्गा गप्प होतो दहाव्याला. तेराव्याला टाळी पडते तरी तो गप्पच, परततो चौदाव्याला. "तिचं बरोबर आहे."
ती चपला शोधत होती. ऐकलं की नाही, कळलं नाही.
संध्याकाळी ताल द्यायला बसले. नवव्या मात्रेला हात उलटा केला, तोंड मिटून ठेवलं. तिने 'धा' जरा जोरातच वाजवला.