उलटा वारसा

वारसा वरून खाली येतो, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की, त्याचा कधी विचारही करीत नाही. बापाचे घर मुलास, आईचे दागिने लेकीसुनांस, आजोबांची पोथी नातवास, हा क्रम पाण्याच्या उतारासारखा स्वाभाविक वाटतो. हा उतार उलटला म्हणजे काय होते, याची चित्रे आपल्या पुराणांनी काढून ठेविली आहेत; परंतु ती सगळी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. श्रावणाचे वृद्ध आईबाप त्याच्यामागे प्राण सोडतात आणि त्यांच्या शापाने दशरथही पुत्रवियोगाने देह ठेवितो. पुत्रशोकाचा शेवट मरण, असा पुराणकारांचा निर्णय दिसतो. प्रत्यक्ष संसारात मात्र बहुतेक आईबाप मरत नाहीत. तेराव्या दिवशी पाहुणे परततात, चौदाव्या दिवशी सकाळी दूधवाला येतो, आणि पुढची वीसपंचवीस वर्षे कशी काढावयाची, याविषयी पुराणे काही सांगत नाहीत.

या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांस ग्रंथांत न सापडता आमच्या वस्तीत सापडले. आम्ही राहतो ती आकुर्डी एके काळी खंडोबाच्या देवळाभोवतीचे एक लहानसे खेडे होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी-चिंचवडच्या माळावर भूखंड पडू लागले, आणि आकुर्डीला बजाजांचा स्कूटरचा कारखाना उभा राहिला. तेथून बाहेर पडलेल्या स्कूटरवर महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी बायकामुलांसह प्रवास केला. तेथील वाहनांचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. परंतु मोठ्या कारखान्याच्या सावलीत जी लहान लहान वर्कशॉपे वाढली, ती या पट्ट्यात अद्याप चालू आहेत. पत्र्याची शेड, दोन लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात कुलरचे पाणी आणि तेल मिसळून झालेला चिखल, आणि दारावर एखाद्या देवाच्या नाही तर मुलाच्या नावाची पाटी! संध्याकाळी फिरावयास निघालो म्हणजे या पाट्या वाचीत जाण्याचा आम्हांस छंद आहे. मूल शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच बापाने त्याचे नाव लोखंडी पाटीवर रंगविलेले असते. त्या पाटीत आशा असते, अभिमान असतो, आणि वारसा वरून खाली जाणार याविषयीची खात्री असते.

अशाच एका शेडमध्ये आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ रोज जाऊन बसतात. मात्र तेथील वारसा खालून वर आलेला आहे. ते स्वतः जन्मभर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले. वर्कशॉप काढले ते मुलाने. नोकरीतला पगार बरा असताना ती सोडून त्याने जुना लेथ विकत घेतला, तो स्वतः खोलून दुरुस्त केला, आणि पाचसहा वर्षांत चार माणसांस काम दिले. पस्तिशीच्या आतच तो अल्पशा आजाराने गेला. भिंतीवर त्याचे छायाचित्र आहे आणि त्यास चंदनाचा हार आहे. परंतु त्याच्याविषयी बोलताना वडील छायाचित्राकडे पाहत नाहीत. ते लेथकडे पाहतात. "हा जॉब कोणी धरीत नव्हते. फिक्स्चर त्याने स्वतः बसविले," असे ते सांगतात. मुलाच्या बाळपणीच्या गोष्टी त्यांच्या तोंडून आम्ही फारशा ऐकिल्या नाहीत. त्याने मापात शतांश मिलिमीटरची चूक कशी काढली, उधारी थकली असतानाही दिवाळीला कामगारांचा बोनस कसा चुकविला नाही, हेच ते पुनःपुन्हा सांगतात. जो मुलगा नोकरी सोडतो म्हणून त्यांना झोप लागत नसे, त्याच्याच व्हर्नियरने ते आता सुटे भाग मोजून पाहतात.

प्रथम आम्हांस यात एक प्रकारचा कोरडेपणा वाटण्याचा संभव होता. विचारांती दिसते ते निराळेच. बाळपणीचे मूल हे आईबापांचे असते. त्याच्या खोड्या, त्याचे बोबडे बोल हे सारे त्यांच्याच घराचा विस्तार असतात. परंतु माणूस कामास लागला म्हणजे तो प्रथमच आईबापांपासून वेगळा, स्वतःचा होतो. त्याच्या कामात जे दिसते ते कोणी त्यास दिलेले नसते. म्हणून गेलेल्या मुलाचे काम आठवणारा बाप मुलाची मोठेपणी झालेली ओळख जपत असतो, आणि ही ओळख अर्ध्यावर तुटलेली असल्यामुळे तिची ओढ अधिक असते.

महाराष्ट्राच्या अलीकडील इतिहासात या उलट्या वारशाचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण आमच्याच पुणे जिल्ह्यात, केडगाव येथे घडले. पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा १६ एप्रिल १८८१ रोजी जन्मली. पुढच्याच वर्षी तिचे वडील बिपिनबिहारी मेधावी वारले. दोन वर्षांची मुलगी घेऊन रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्यानंतर शारदासदन निघाले, पुण्यात वादळ उठले, दुष्काळ आले, आणि केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. आई जगाची झाली म्हणजे मुलीच्या वाट्यास काय उरते, असा प्रश्न कोणासही पडेल. मनोरमेने त्याचे उत्तर तक्रारीने दिले नाही. विदेशी शिक्षण घेऊन आणि मुंबई विद्यापीठाची बी. ए. होऊन ती परत आईच्याच कामात आली. पण आईची सावली म्हणून आली नाही. शारदासदनाची ती मुख्याध्यापिका झाली. अंध मुलींस ब्रेल लिपीच्या साहाय्याने वाचावयास शिकविण्याचे काम तिने अंगावर घेतले. १९१२ मध्ये निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यास शाळा निघाली, तेव्हा तीही हिनेच चालविली. डोळ्यांनी न दिसणारी अनाथ मुलगी बोटांनी अक्षर ओळखते, हे दृश्य त्या काळच्या महाराष्ट्रात किती जणांनी पाहिले असेल?

१९२० च्या सुमारास रमाबाईंची प्रकृती खालावली आणि संस्थेचा भार मनोरमेवर सोपवावयाचे ठरले. वारशाचा क्रम यथासांग चालला होता. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाच गेली. आयुष्यात आईबाप, भाऊ आणि पती गमावलेल्या रमाबाईंचे हे शेवटचे माणूस. त्यांनी काय करावे? हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी अनेक वर्षांपूर्वी हाती घेतले होते. ते त्या शेवटपर्यंत करीत राहिल्या. मुलीसाठी मोकळा करून ठेविलेला भार पुन्हा आपल्याच खांद्यावर घेऊन त्या सुमारे साडेआठ महिने जगल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. ते बायबल मुक्तीतल्या छापखान्यात तेथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापले आणि १९२४ मध्ये ते पूर्ण प्रसिद्ध झाले. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. वारस गेल्यावरही वारसा टाकून न देणाऱ्या या आईपुढे कोणाचीही मान लवेल.

याच शारदासदनाशी एका दुसऱ्या घराचा संबंध आहे. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. अण्णासाहेब कर्वे आणि रमाबाई ही दोघेही १८५८ च्या एप्रिलातलीच. अण्णासाहेबांचे प्रथम पत्नीपासून झालेले पुत्र रघुनाथ हे आमच्यासारखेच प्राध्यापक. पण संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२१ मध्ये मुंबईस संततिनियमनाचे केंद्र काढणारा हा मनुष्य १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत होता. खटले, दंड, निंदा आणि कर्ज यांपैकी काहीही त्यास थांबवू शकले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले, तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे होते. त्यानंतर अण्णासाहेब आणखी नऊ वर्षे जगले. १९५८ मध्ये शतायुषी होऊन भारतरत्न झाले. बापाचा गौरव देशाने केला. मुलाचे काम समजावयास देशास त्यानंतरही बराच काळ लागला. हा वारसा बापासही घेता आला नसता, कारण तो काळाच्या पुढचा होता. काही मुलांचे काम असे असते की, त्याचा वारस पुढे जन्मास यावयाचा असतो.

आमच्या शेजारच्या चिंचवडमध्ये मोठा कारखाना असलेल्या थरमॅक्सच्या अनू आगा यांची कथा तर आमच्या डोळ्यांदेखतची. १९९६ मध्ये त्यांचे पती रोहिंटन आगा हृदयविकाराने गेले, आणि सुमारे वर्षभरातच पंचवीस वर्षांचा मुलगा कुरुश अपघातात गेला. त्या दुःखात विपश्यनेचा आपणांस आधार झाला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. अडचणीत आलेली कंपनी त्यांनी सावरली आणि २००४ मध्ये ती मुलीच्या हाती दिली. पण आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, मिळालेल्या संपत्तीचा मोठा वाटा समाजकार्यास द्यावा, हा तरुण मुलाचा आग्रह आईने त्याच्यामागे आपला केला. गरीब मुलांच्या शिक्षणाच्या कार्यात त्या पडल्या. पंचवीस वर्षांच्या मुलाने आईस मृत्युपत्र लिहून दिलेले नसते. पण घरात बोललेला एखादा विचारही मृत्युपत्राइतका बंधनकारक होऊ शकतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतलाच पाहिजे. माणसाचे मोल त्याच्या उद्योगावरून ठरवावयाचे, तर जे मूल काही करण्यापूर्वीच गेले त्याच्या आईबापांनी काय धरून ठेवावे? सातव्या वर्षी गेलेल्या मुलाचा लेथ कोठला, आणि मासिक कोठले? हा आक्षेप आम्हांस निरुत्तर करावयास पुरेसा आहे, हे आम्ही मान्य करतो. कामाचा ताळेबंद मांडून दुःखाची वजाबाकी करणारा मनुष्य दुःख जाणत नाही. आम्ही ज्याचे गुणगान करीत आहो ती फळाची बेरीज नव्हे. शाळेच्या वहीत चुकलेले गणित तीन वेळा खोडून चौथ्या वेळी सोडविणारे मूलही उद्योगीच असते. हात ज्या रीतीने कामास भिडतो ती रीत हेच माणसाचे रूप, आणि ते लहानपणीही दिसते. तिच्या आठवणीस कारखाना लागत नाही, संस्था लागत नाही. वहीचे एक पान पुरते.

आमच्या समाजात समाचारास जाण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. परंतु तेथे जाऊन आपण विचारतो काय? "कसे झाले? डॉक्टर काय म्हणाले? शेवटी बोलला का?" शोकग्रस्त आईबापांकडून आपण मरणाचीच हकीकत दहा दहा वेळा वदवून घेतो. त्या वृद्ध गृहस्थांना आजवर अनेकांनी आजाराचे नाव विचारले. शेडमधल्या फिक्स्चरविषयी विचारणारे फार थोडे निघाले. ज्यांनी विचारले, त्यांना ते उठून यंत्रापाशी घेऊन गेले. "तुमचा मुलगा काय करीत असे? कसे करीत असे?" एवढा प्रश्न विचारावयास विद्वत्ता लागत नाही. तो विचारला म्हणजे निदान घटकाभर तरी त्या घरात मरणाऐवजी जगण्याची गोष्ट चालते, आणि ती सांगण्याचा अधिकार ज्यांना सर्वांत अधिक आहे, त्यांनाच ती सांगावयास मिळते.