जाड काड्यांचा गॉगल

नंदुरबारात गॉगल घालायला कारण लागतं. तुमच्याकडे नसलं तर लोक शोधून देतात. माणूस साठीच्या पुढचा असला तर मोतीबिंदूचं ऑपरेशन, तरुण असला तर लग्न ठरलंय, आणि मधल्या वयाचा असला तर डोळे आलेत. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ पसरली होती, तेव्हा तर काळा गॉगल दिसला की लोक हात मिळवायचे थांबत. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर, डोळे ठणठणीत असताना, रोज वापरायला गॉगल घ्यायचाय, तोही जुन्या सिनेमात असायचा तसा जाड काळ्या फ्रेमचा, असं मी घरात बोललो तेव्हा आईने आधी माझी पापणी खाली ओढून पाहिली.

मला कारण होतं, पण ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. घर नंदुरबारला, नोकरी शहाद्याला, जाणं-येणं मोटरसायकलवर. शहादा नंदुरबारच्या ईशान्येला. म्हणजे सकाळी जाताना सूर्य तोंडावर आणि संध्याकाळी परतताना पुन्हा तोंडावर. मधे प्रकाशा गावच्या पुलावर तापीचं पाणी असं चमकतं की समोरचा ट्रॅक्टर जवळ आल्यावरच दिसतो. ऊसतोडीच्या दिवसांत त्या ट्रॅक्टरांमागची धूळ वेगळीच. आणि दिवाळीच्या आगेमागे ओली लाल मिरची मार्केटला यायला लागली, गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत पडली, की वारा कोणत्या दिशेचा आहे ते आम्हाला डोळ्यांनी कळतं. हेल्मेटची काच आहे, पण ती ओरखड्यांनी इतकी भरलेली की ऊन पडलं की खाली करवत नाही.

हे झालं सांगायचं कारण. न सांगायचं कारण एवढंच, की तो जाड काळ्या काड्यांचा गॉगल मला शाळेत असल्यापासून आवडतो.

कारणाशिवाय गॉगल घालणारी माणसं आमच्या जिल्ह्यात नाहीत असं नाही. ती वर सातपुड्यात आहेत. होळीआधी धडगावला भोंगऱ्या बाजार भरतो, तिथे गॉगलवाल्याभोवती पोरांची जी झुंबड असते ती पाहावी. काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू आणि डोळ्यांवर काळा गॉगल, तोही ऐन मध्यरात्री. तिथे त्यांना कोणी विचारत नाही, की बाबा डोळ्यांना काय झालं. सपाटीवरच्या आम्हा नोकरदारांना मात्र एवढी मोकळीक नसते.

तर एका रविवारी चष्म्याच्या दुकानात गेलो. ‘जुन्या पद्धतीचा गॉगल दाखवा’ एवढं म्हटलं आणि तिथून पुढे मला काही कळेनासं झालं.

‘कुठला जुना, भाऊ?’ दुकानदाराने विचारलं आणि काउंटरवर एक ट्रे उपडा केला. त्याच्या लेखी जुनं म्हणजे चार घराणी. थेंबाच्या आकाराच्या मोठ्या काचा आणि बारीक तारेची फ्रेम, तो एव्हिएटर. त्याच्या भाषेत ‘दबंगवाला’. खरं तर हा वैमानिकांसाठी निघालेला गॉगल. उंचावर उन्हाची तिरीप डोळ्यांत जाऊ नये म्हणून बॉश अँड लॉम्ब या अमेरिकन कंपनीने तो १९३७ साली रे-बॅन नावाने बाजारात आणला. दुसरा वरून जाड भुवईसारखी पट्टी आणि खाली तार असलेला. हा नमुना १९४७ च्या सुमाराचा, अमेरिकेत पुढची काही वर्षं बँकेतल्या साहेबापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या नाकावर होता. तिसरा कोपऱ्यात वर उचललेला, बायकांचा, मांजरडोळा. न्यूयॉर्कच्या आल्टिना शिनासी या कलावतीने १९३० च्या दशकात व्हेनिसच्या जत्रेतल्या मुखवट्यांवरून तो काढला. आणि चौथा माझा. वेफेरर. १९५२ चा, रेमंड स्टेगमन याने रेखाटलेला. प्लास्टिकला मनासारखा जाड आकार देता येतो म्हणून हा असा दणकट. जीनत अमानच्या १९७१ च्या सिनेमातला तो मोठ्या गोल रंगीत काचांचा प्रकारही ट्रेमध्ये होता, पण त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

वर्षं आणि नावं मी नंतर वाचली. दुकानात मला फक्त आरसा दिसत होता आणि त्यात दर वेळी वेगळाच माणूस.

‘चेहरा गोल आहे तुमचा, चौकोनी घ्या,’ दुकानदार म्हणाला. इथवर ठीक होतं. मग त्याने काडी उलटी करून आतली बारीक अक्षरं दाखवली: ५०, मग एक छोटासा चौकोन, मग २२, आणि पुढे १५०. मला वाटलं मॉडेल नंबर असेल. ती मापं निघाली, सगळी मिलिमीटरमध्ये. ५० ही एका काचेची रुंदी, २२ हे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, १५० ही काडीची लांबी. शर्टाची कॉलर तपासून घेणारे आम्ही, नाकाला माप असतं हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. माझं नाक बसकं. तारेच्या फ्रेमला नाकाजवळ दोन छोट्या गाद्या असतात, त्या आतबाहेर वाकवता येतात. जाड प्लास्टिकच्या फ्रेमला तो भाग एकजीव कोरलेला असतो. बसला तर बसला, नाहीतर घामाने घसरत नाकाच्या शेंड्यावर येतो. आणि आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये घाम कमी नसतो.

‘हसा,’ दुकानदार म्हणाला.

मी हसलो. गालांनी फ्रेम वर ढकलली.

‘मोठा झाला हा. आता मान खाली घाला, बूट बांधताय असं समजा.’ मी वाकलो. दुसरी फ्रेम पडली नाही, जागची हलली तेवढी. तिला त्याने बाजूला ठेवलं. मग मला बाहेर मोटरसायकलवरचं हेल्मेट आणायला लावलं. हेल्मेट आधी, गॉगल नंतर. इथे माझ्या लाडक्या जाड काड्यांचा निकाल लागायची वेळ आली. हेल्मेटच्या आतल्या फोममध्ये आणि कानशिलामध्ये त्या अशा दाबल्या गेल्या की मिनिटभरात कपाळ ठणकायला लागलं. शेवटी पुढून जाड, पण काड्या मागे निमुळत्या होत जाणारी एक फ्रेम सापडली. समोरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही, आणि समोरून दिसण्यासाठीच तर सगळा खटाटोप.

फ्रेम कशाची, हाही एक प्रश्न निघाला. ‘टीआर घेता की शीट?’ टीआर हलकी, लवचीक, वाकवली तरी परत सरळ होते. शीट म्हणजे ॲसिटेटच्या पत्र्यातून कापलेली, जड, चकचकीत, हाताला थंड लागणारी. हे ॲसिटेट लाकडाच्या किंवा कापसाच्या लगद्यापासून बनतं, हे ऐकून खानदेशातल्या माणसाला बरं वाटलं. शीटची एक सोय अशी की गरम करून ती कानामागे हवी तशी वाकवता येते. दुकानदाराने गरम हवेच्या यंत्रापुढे काडी धरून माझ्यासमोर वाकवली. गैरसोयही तीच. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवून विसरलात तर ती आपल्या मनाने वाकते. शिवाय घाम पुसला नाही तर काही महिन्यांत पांढुरकी पडते. रोजच्या वापराला टीआर शहाणपणाची होती. मी शीट घेतली.

आतापर्यंतची सगळी चर्चा फ्रेमची. काच राहिलीच होती, आणि मुळात डोळ्यांचं काम तीच करते. काच म्हणायचं, असतं तेही प्लास्टिकच. ‘जितकी काळी तितकी चांगली ना?’ मी विचारलं. दुकानदाराने मान हलवली. उजेड अडवणं आणि उन्हातले अतिनील किरण अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, अंधारात होते तशी. काच नुसतीच काळी असेल आणि किरण अडवत नसेल, तर उघड्या डोळ्यापेक्षा जास्त किरण आत जायला वाट मिळते. म्हणून ‘यूव्ही ४००’ बघायचं. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात असा त्याचा अर्थ, आणि त्याचा काळेपणाशी संबंध नाही. पांढरी काचही ते काम करू शकते. वर्षानुवर्षं ऊन, वारा, धूळ खाल्लेल्या डोळ्यांत बुबुळावर मांस चढत येतं, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. आमच्या जिल्ह्यात असे डोळे शोधायला लांब जावं लागत नाही.

मग त्याने ड्रॉवरमधून नोटा तपासायची जांभळी बॅटरी काढली आणि माझ्याकडे ५०० ची नोट मागितली. दुकानाचा कोपरा अंधारा होता. नोटेवर उजेड टाकला तसे आकडे झळकले आणि कागदातले बारीक धागे इकडे तिकडे पेटले. आता बॅटरी आणि नोट यांच्यामध्ये त्याने गॉगलची काच धरली. आकडे विझले, धागे विझले. काच काढली, पुन्हा पेटले. मी ते त्याला परत परत करायला लावलं.

माझ्यासोबत भाचा होता. त्याच्या शर्टाला सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेला गॉगल अडकवलेला होता. ‘याचा बघा ना,’ तो म्हणाला. दुकानदाराने मोठ्या उत्साहाने तो घेतला, नोटेवर धरला, आणि आकडे विझले. यात्रेतला गॉगल पास! दुकानदाराचा चेहरा पडला. स्वस्त प्लास्टिकसुद्धा पुष्कळदा हे किरण अडवतं, हे त्यालाही कबूल करावं लागलं. फक्त कुठलं अडवेल आणि कुठलं नाही ते बघून सांगता येत नाही. मग त्याने भाच्याचा गॉगल हातभर लांब धरला आणि त्यातून दाराची उभी चौकट बघायला लावली. गॉगल हळूच डावीकडे-उजवीकडे हलवला तशी सरळ चौकट लहरत गेली. माझ्या गॉगलमधून ती सरळच राहिली. ‘दिवसभर घातला की डोकं याच्यामुळे चढतं,’ तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावरचं हसू परत आलं.

रंग निवडायला त्याने मला दारात उभं केलं. रस्त्यावर मिरचीची पोती भरलेला टेम्पो उभा होता, फाटक्या पोत्यांतून लाल टोकं बाहेर आलेली. निळ्या काचेतून ती मिरची जांभळट, शिळी दिसली. तपकिरीतून सगळं उठावदार, पण रस्ता पिवळसर झाला. राखाडीतून लाल लालच राहिलं, फक्त ऊन उतरलं. राखाडी ठरली. अगदी गडद नको म्हणाला. गडदपणाचे शून्य ते चार असे दर्जे असतात, त्यातला चौथा गाडी चालवताना चालत नाही. तिसरा घेतला, ज्यातून साधारण ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. सूर्य बुडाला की मात्र काढून खिशात.

वर थोडे पैसे टाकून पोलराइज्ड काच घेतली. तिचा अर्थ मला दुकानात कळला नाही, प्रकाशाच्या पुलावर कळला. गाडी कडेला लावून खाली पाहिलं तर तापीवरचा तो पांढरा चकचकाट गेला होता. पाणी हिरवट दिसत होतं, काठाजवळचा गाळ दिसत होता. मान खांद्याकडे तिरकी केली तर चकचकाट पुन्हा हजर. पाण्यावरून, डांबरावरून परतणारा उजेड बराचसा आडवा कंप पावतो, आणि ही काच तेवढा आडवाच अडवते. याची शिक्षा पेट्रोल पंपावर मिळते: आकड्यांचा पडदा काळाठिक्कर. मोबाइल आडवा धरला तर तोही.

शहाद्याला पहिल्या दिवशी शिपाई म्हणाला, ‘साहेब, हिरो झालात.’ स्टँडवर एक ओळखीचे आबा भेटले, त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, ‘काय व्हयनं रे भो?’ मग जवळ येऊन फ्रेम नीट पाहिली आणि म्हणाले, ‘अच्छा, हौस शे!’ प्रश्न तिथेच मिटला. मला या गॉगलची खरी किंमत तेव्हा कळली. कडेने बंद, ऑपरेशनवाला गॉगल डोळ्यांसाठी कितीही चांगला असो, तो घातला की चौकशी सुरू होते. हाच कामाचा माल १९५२ च्या फ्रेममध्ये बसवला की ती हौस ठरते, आणि हौसेला आमच्याकडे माफी आहे. काळजी घेणारा माणूस आजारी समजला जातो, हौशी माणूस फक्त हौशी.

पथाऱ्यांवर मिरचीची देठं खुडणाऱ्या बाया नाकातोंडाला फडकं बांधतात, डोळे उघडेच. ऊस तोडणाऱ्यांचंही तेच. त्यांनी गॉगल घातला तर नखरा म्हणतील, आणि नखऱ्याची भीती उन्हापेक्षा मोठी. माझा चुलतभाऊ तळोद्याकडे केळी-पपई करतो, दिवसभर बांधावर. त्याला म्हटलं, तूही एक घे. आधी तो हसला. मग माझा घालून बांधापर्यंत जाऊन आला, आणि परत द्यायला जरा वेळ लावला. म्हणाला, ‘हाच. असाच काळा, जाड. काय काय बघून घ्यायचं ते सांग.’

हसून बघ, वाकून बघ, दाराची चौकट बघ, एवढं मी सांगितलं. फ्रेमचं नाव लक्षात राहिलं नाही तरी हरकत नाही. खिशात ५०० च्या नोटा मात्र ठेव. तपासायला एक पुरते, बाकीच्या तसेही तिथेच लागणार आहेत.