माशीच्या मर्जीवर मासा

टेस्ट म्हटले की आपल्याला लॉर्ड्सचे मैदान आठवते. पण इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात, स्टॉकब्रिज नावाच्या टुमदार गावी, टेस्ट म्हणजे नदी! खडूच्या टेकड्यांत मुरलेले पावसाचे पाणी झऱ्यांवाटे हिला मिळते. म्हणून ती काचेसारखी नितळ आणि बारा महिने जवळजवळ सारखीच गार. तळाशी हिरव्या वेलींच्या बटा हलत असतात आणि त्यांच्या आड, प्रवाहाकडे तोंड करून, ट्राउट मासा जागच्या जागी तरंगताना स्पष्ट दिसतो. आपल्याला तो दिसतो तसे आपणही त्याला दिसतो, हीच सारी पंचाईत.

येथे गळाला गांडूळ लावणे म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चपला घालून शिरणे. बारीकशा गळावर कोंबड्याचे पीस आणि रेशमाचा दोरा गुंडाळून खोटी माशी करायची नि ती पाण्यावर अलगद उतरवायची. फ्रेडरिक हॅलफर्ड या गृहस्थाने या तरंगत्या माशीवर १८८९ साली अख्खा ग्रंथ लिहिला.

एवढे करूनही मासा भुलतो तो त्या घटकेला जी माशी पाण्यातून निघत असेल तिलाच. त्यांतली राणी मेफ्लाय. तिची अळी बहुधा दोन वर्षे गाळात काढते. मग मे महिन्याच्या अखेरीस केव्हातरी ती वर येते, कात टाकते आणि पंख उभारून उडते. आता तिला खाण्यापुरते तोंडही नसते. एकदोन दिवसांत लग्न, अंडी आणि मरण. मृगाच्या पहिल्या सरीनंतर आपल्याकडे पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती झुंबड करते ना, तसाच हा सोहळा. पण मृग पंचांगात सापडतो. मेफ्लायचा मुहूर्त कुणालाच सापडत नाही. या दिवसांना तिथे थट्टेने ‘ढ लोकांचा पंधरवडा’ म्हणतात, कारण तेव्हा हावरा मासा कुणाच्याही गळाला लागतो. अर्थात माशी निघाली तर!

मला परवाना एकाच दिवसाचा होता, तोही एका वृद्ध स्नेह्यांच्या ओळखीने मिळालेला. सकाळी दहापासून आम्ही काठावर. सँडविचे संपली, थर्मासातला चहा संपला. नदी कोरी ती कोरीच. म्हातारबुवांनी काठी जोडलीदेखील नव्हती. आपल्या भाषेत सांगायचे तर पंगत बसल्याशिवाय वाढायचे कुणाला?

चारच्या सुमारास एक पाकोळी पाण्याला चाटून गेली. म्हातारबुवा उठले. पाहतो तो पाण्यावर पिवळसर शिडांच्या होड्याच होड्या! गप्पकन एक वलय उमटले, मग दुसरे. तिसऱ्या फेकीला त्यांनी चांगला दीड शेराचा मासा काठाशी आणला, जाळ्यातच गळ सोडवला आणि त्याला परत पाण्यात दिला. वीस मिनिटांत सारे आटोपले.

पूर्वी हे तास न् तास चाले, असे ते म्हणाले. शेतांतून वाहून येणारा गाळ, खते आणि सांडपाणी यांनी दक्षिण इंग्लंडच्या अशा नद्यांतले किडे रोडावले आहेत, आणि किडाच नसेल तर मासा जगणार कशावर? त्यांनी खिशातली वही काढली. माशाचे वजन तिच्यात नव्हतेच. तारीख, वाऱ्याची दिशा, आणि माश्या किती वेळ निघाल्या तेवढेच.

“गेल्या वर्षी किती वेळ?” मी विचारले.

त्यांनी पान उलटून माझ्यापुढे धरले. तिथे लिहिले होते : पाऊण तास.