अनोळखी पुरुष, वय अंदाजे 40

मी एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. गरिबांच्या बिलांसाठी ट्रस्टकडे खेटे घालण्यापासून टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आश्रम बघण्यापर्यंत सगळं आमच्याकडे येतं. अपघात विभागातून बोलावणं आलं, की मात्र बहुतेकदा एकच काम असतं: नातेवाईक शोधा. 108 ची गाडी पेशंट आणते, केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे 40’ असं लिहिलं जातं, खिशातल्या वस्तूंची यादी होते आणि मी व ड्यूटीवरचा हवालदार ती पिशवी पुढ्यात घेऊन बसतो.

उपचार नातेवाइकांवाचून अडत नाहीत. जीव धोक्यात असेल तर डॉक्टर कोणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. डोक्याला मार लागलेला हा माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, त्याला फिट येतात का, साखर आहे का, हे त्याच्या घरच्यांशिवाय कोण सांगणार? लोक कार्डावर हौसेने रक्तगट लिहितात. त्याचा आम्हाला फारसा उपयोग नाही. रक्त चढवण्याआधी लॅबवाले तो स्वतः तपासतातच.

पाकिटात आधार कार्ड निघालं की नवीन हवालदार खूश होतो. पण त्यावर घरच्यांचा नंबर कुठे असतो? पत्ताही पुष्कळदा गावचा. मग त्या भागातल्या पोलीस ठाण्याला फोन, तिथून पोलीस पाटलाला निरोप, पाटलाकडून घरी. पाटील शेतात गेलेला असला तर दुपार मोडते. तरी हा मार्ग मला खात्रीचा वाटतो.

मोबाइल जवळजवळ प्रत्येकाकडे असतो, तोही कुलूपबंद. 2005 मध्ये इंग्लंडमधल्या रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या बॉब ब्रॉची यांनी एक साधी युक्ती सुचवली होती. जवळच्या माणसाचा नंबर ‘आयसीई’, म्हणजे ‘इन केस ऑफ इमर्जन्सी’ या नावाने ठेवायचा. तेव्हाचे बटणांचे फोन बहुधा कोणालाही उघडता यायचे, म्हणून ती चालली. आता लॉक न उघडता ‘इमर्जन्सी’ दाबून माहिती बघायची सोय बऱ्याच फोनमध्ये आहे. आयफोनमध्ये ‘मेडिकल आयडी’ 2014 पासून आहे. आम्ही ते बटण दर वेळी दाबतो. आत बहुधा काहीच भरलेलं नसतं. मग फोन चार्जिंगला लावायचा आणि तो वाजायची वाट बघायची. एकदा तासाभराने वाजला, तर स्क्रीनवर नाव होतं, ‘लोनवाला उचलू नको’. आम्ही उचलला. वसुलीच्या त्या पोराकडे पेशंटच्या मेव्हण्याचा नंबर होता!

नंबर मिळूनही भागत नाही. अनोळखी नंबर हल्ली लोक उचलत नाहीत. उचलला, तरी ‘तुमच्या मुलाचा अपघात झालाय’ एवढं म्हणताच पलीकडून शिव्या येतात, कारण असंच सांगून पैसे उकळणाऱ्यांच्या कहाण्या सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. ‘बाई, लाज नाही वाटत?’ म्हणून एका आईने फोन आपटला. तिला दोष कसा देणार? आता मी आधी ‘पैसे नकोत’ असं सांगते, मग शर्टाचा रंग, हातावरचं गोंदण, आणि मग फोन हवालदाराच्या हातात देते.

एका आजोबांच्या बंडीच्या आतल्या खिशात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी निघाली. वहीचं पान, शाळकरी अक्षर. ‘आबांना साखर आहे. हृदयाची गोळी चालू आहे. उजव्या कानाने ऐकू येत नाही.’ खाली तीन नंबर: मुलगी, जावई आणि गावातलं किराणा दुकान. मुलीचा फोन बंद, जावयाचा लागेना. दुकानदाराने पहिल्या रिंगला उचलला, कारण त्याला वाटलं गिऱ्हाईकच आहे. आमची चहाची कपबशी धुऊन होण्याआधी मुलीचा उलटा फोन आला, आणि आबांच्या गोळ्यांची नावं तिने पाकिटावरून वाचून डॉक्टरांना सांगितली.

माझ्या फोनमध्ये इमर्जन्सीला मी नवऱ्याचा नंबर घातलेला नाही. त्यांचा फोन दिवसभर सायलेंटवर असतो. जाऊबाईंचा घातलाय. त्या विम्याच्या एजंट आहेत, कोणाचाही फोन उचलतात.