मधल्या बोटाची तक्रार

गेल्या दशलक्षण पर्वात पहाटे जप करीत असताना माळेतील मणी मधल्या बोटाला जाणवेनासे झाले. अंगठा मणी पुढे सारीत होता, परंतु बोटाला स्पर्शच नव्हता. मेरुमणी केव्हा आला तेही कळले नाही. ज्या बोटांनी उमेदीच्या काळात नोटांची बंडले मोजली, त्यांनी 108 मण्यांचा हिशेब चुकवावा याची मला भीतीपेक्षा लाजच अधिक वाटली.

आठवडाभरात उजव्या पाठवड्यातून निघालेली कळ दंडामागून खाली उतरू लागली. रात्री हात डोक्यावर ठेवला की तेवढे बरे वाटे. सौ. म्हणाली, "बँक बुडाल्यासारखे डोक्याला हात लावून काय बसता?"

नात्यातील एका वडीलधाऱ्यांनी सलूनमध्ये मान मोडून घेण्याचा सल्ला दिला. मला तो उपाय नवा नव्हता. दाढीनंतरचा तो 'कट' आवाज मी वर्षानुवर्षे समाधानाने ऐकत आलो होतो. मुलाने मात्र हट्टाने फिजिओथेरपिस्टकडे नेले.

मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मी एमआरआयचे पाकीट पुढे केले, तर म्हणाली, "काका, ते नंतर. साठीनंतर चकत्या झिजलेल्या दिसायच्याच. काही तक्रार नसलेल्यांच्याही दिसतात." ताळेबंद बाजूला सारून आधी व्हाउचर मागणाऱ्या तपासनिसाची मला आठवण झाली.

तिने प्रथम एका रेषेत चालवले. मग मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारून अंगठा आक्रसतो का ते पाहिले. मज्जारज्जू दबला असेल तर तो आक्रसतो, माझा हलला नाही. कापसाचा बोळा एकेका बोटावरून फिरला. अंगठा मानेतील सहाव्या नसेचा, मधले बोट सातवीचे, करंगळी आठवीची, अशी वाटणी असते. कोपर वाकवून "ढकला" म्हणाली, तेव्हा डाव्या हाताने तिला मागे रेटले, उजवा तिच्या एका तळव्यापुढे नमला. कोपरामागे हातोडी मारल्यावर डावा हात उडाला, उजवा गप्प! मग मान मागे आणि उजवीकडे कलवून तिने माथ्यावर हलका दाब दिला मात्र, कळ थेट मधल्या बोटात गेली. लगेच हनुवटी व डोक्याचा मागचा भाग धरून मान अलगद वर उचलली, तशी ती ओसरली.

"काका, रात्री हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं ना? त्यानं नसेवरचा ताण कमी होतो." सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही.

उपचारात कोठेही झटका नव्हता. उताणे निजवून मान संथपणे ताणणे, मणके बोटांनी बाजूला सरकवणे, मनगट आणि मान एका लयीत हलवून नस मोकळी करणे, एवढेच. सलूनची हकिकत ऐकून मात्र ती गंभीर झाली. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतूनच जातात. अचानक पिळवटण्याने त्यांचे आतले अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होते, पण होते. चालताना तोल जाऊ लागला, दोन्ही हात अवघडले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर माझ्याकडे न येता थेट शल्यविशारदाकडे जा, असेही तिने बजावले.

दोन महिन्यांत कळ गेली. स्वाध्यायाचे शास्त्र आता उंच ठवणीवर असते. मणी जाणवतात, पण मध्ये पातळ वस्त्र असावे तसे.

परवा दाढी झाल्यावर न्हाव्याचे हात सवयीने माझ्या डोक्याकडे आले. मी दोन्ही मनगटे धरली. तो बिचारा गोंधळला. "साहेब, काही चुकलं का?"