पद्मिनीचे शॉक ॲब्झॉर्बर बदलताना

पुणे,
दि. १२ डिसेंबर

ती. अण्णांस,


आपल्या प्रीमियर पद्मिनीचे शॉक ॲब्झॉर्बर बदलावेत की मूळचेच कसेबसे दुरुस्त करून ठेवावेत, हा आपल्या पत्रातील प्रश्न वरकरणी एका सुट्या भागापुरता असला, तरी जुनी गाडी जपायची म्हणजे तिच्यातले नेमके काय जपायचे, या मोठ्या प्रश्नाशी तो जोडलेला असल्याने त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे. शॉक ॲब्झॉर्बर हा मुळातच झिजणारा भाग आहे. तो बदलल्याने गाडीचे अस्सलपण उणावत नाही, मात्र संपलेला तसाच ठेवल्याने किंवा नको तितका ताठ बसवल्याने ते निश्चित उणावते, हे या उत्तराचे सार होय.

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० डी ही गाडी तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा बनलेली ही गाडी ३० ऑक्टोबर २०२३ पासून तेथील टॅक्सीसेवेत उरलेली नाही. त्यामुळे ती कशी चालत असे, हे पुढच्या पिढीला कळायचे असेल, तर ते खासगी मालकांनी चालत्या ठेवलेल्या गाड्यांवरूनच कळणार आहे.

या गाडीला वेगळी चासी नसून पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. पुढच्या प्रत्येक चाकाला खाली-वर दोन आर्म आणि त्यांच्या जोडीला कॉइल स्प्रिंग असते, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे आपल्या जागी राहते. मागची दोन्ही चाके मात्र एकाच अखंड ॲक्सलवर असतात आणि तो ॲक्सल पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर तोललेला असतो. चारही चाकांना नळीत नळी सरकणारे, टेलिस्कोपिक म्हणून ओळखले जाणारे शॉक ॲब्झॉर्बर असतात. खड्ड्याचा पहिला आघात झेलण्याचे काम टायर आणि स्प्रिंग करतात. शॉक ॲब्झॉर्बरचे काम त्यानंतर सुरू होते. एकदा झोका दिलेला झोपाळा बसणाऱ्याने जमिनीला पाय घासेपर्यंत जसा हलत राहतो, तशी दबलेली स्प्रिंगही साठवलेली ऊर्जा परत देत गाडीला वर-खाली झुलवत राहते, आणि तो हेलकावा क्रमाक्रमाने शमवण्याची क्रिया, जिला यंत्रशास्त्रात अवमंदन म्हणतात, ती शॉक ॲब्झॉर्बर पार पाडतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे काम एकमेकांवर दाबून बसवलेल्या चकत्यांच्या घर्षणाने होत असे. पुढे त्या चकत्यांची जागा तेलाने घेतली. टेलिस्कोपिक शॉक ॲब्झॉर्बरच्या प्रचलित जुन्या प्रकारात दोन नळ्या असतात. आतल्या नळीत तेल आणि त्यातून सरकणारा पिस्टन असतो, तर बाहेरच्या नळीत राखीव तेल आणि त्यावर थोडी हवा असते. पिस्टन हलला की तेलाला त्याच्या व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून जावे लागते, तेथे अडथळा निर्माण होतो आणि हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होऊन निघून जाते. हा अडथळा दोन्ही दिशांना सारखा नसतो. दबताना तो फार असला, तर खड्ड्याचा धक्का थेट बॉडीपर्यंत पोहोचेल, म्हणून तो बेताचा ठेवतात. उघडताना मात्र स्प्रिंगची उसळी आवरायची असते, म्हणून तो सहसा अधिक ठेवतात.

हा भाग एकाएकी मोडत नाही, हळूहळू संपत जातो, आणि त्याच वेगाने चालवणाऱ्याचा हातही त्या झुलण्याला सरावत जातो. म्हणूनच गाडीची बदललेली चाल मालकाच्या सहसा लक्षात येत नाही. मडगार्डवर जोर देऊन गाडी दाबावी आणि सोडावी, ती वर येऊन एका हेलकाव्यात स्थिरावली तर ठीक, ही गॅरेजमधील नेहमीची परीक्षा उपयोगी असली तरी पुरेशी नाही. मागच्या बाजूला पाट्यांचे एकमेकांवरील घर्षणच थोडेफार अवमंदन करत असते, आणि पाटे गंजून एकमेकांत धरले असतील, तर शॉक ॲब्झॉर्बर निकामी होऊनही गाडी झुलत नाही, त्यामुळे परीक्षेचा निष्कर्ष चुकतो. याउलट पाटे खोलून, साफ करून, कमान देऊन पुन्हा बसवले की तोवर झाकलेला दोष उघडा पडतो. म्हणून नळीवर तेलाचा ओला ओघळ आहे का, टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला आहे का, आणि ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक खाली जाऊन पुन्हा उसळते का, या तीन खुणा त्या परीक्षेबरोबर पाहाव्यात. नळीवरील केवळ तेलकट धुरकटपणा हा दोष मानू नये.

मूळचे शॉक ॲब्झॉर्बर कापून, नवे तेल भरून, पुन्हा वेल्डिंग करून देण्याची सोय काही ठिकाणी असते. परंतु झिजलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून केवळ जाड तेल भरले, तर हाताने दाबून पाहताना तो भाग ताठ लागतो आणि रस्त्यावर मात्र त्याचे वागणे बिघडलेलेच राहते. सील, पिस्टन आणि व्हॉल्व्ह या तिन्हींचे काम होणार नसेल, तर नवा भाग घेणेच इष्ट. नवा निवडताना केवळ गाडीच्या नावावर विसंबून न राहता पूर्ण दबलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी, तसेच दोन्ही टोकांच्या बसणीचा प्रकार आणि माप, जुन्याशी ताडून पाहावे. उघडलेली लांबी कमी पडली, तर चाक खाली लोंबकळताना सारा ताण शॉक ॲब्झॉर्बरवर येऊन त्याची बसणी उखडू शकते; दबलेली लांबी जास्त झाली, तर मोठ्या खड्ड्यात रबरी बंपर टेकण्याआधीच पिस्टन तळाला आपटतो. नायट्रोजन वायू भरलेल्या आधुनिक प्रकारात तेलाला फेस कमी येतो, हा त्याचा खरा गुण आहे. मात्र वायूचा दाब पिस्टनच्या दांड्याला सतत बाहेर ढकलत असल्याने गाडी किंचित उचलली जाते, आणि तो भाग मुळात अधिक ताठ घडवलेला असेल, तर मऊ स्प्रिंगच्या जुन्या बॉडीच्या पत्र्यावर नको तो ताण येतो. मूळ चालीशी जुळणारा साधा तेलाचा, दोन नळ्यांचा प्रकार मिळत असेल, तर पद्मिनीसाठी त्यालाच पहिली पसंती असावी.

पुढची जोडी किंवा मागची जोडी नेहमी एकत्र बदलावी, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असला, की वळणावर आणि ब्रेक लावताना दोन चाके निरनिराळी वागतात. गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर ठेवावी, आणि पुढचे काम करताना खालच्या आर्मला स्वतंत्र जॅकचा आधार दिल्याशिवाय एकही नट सैल करू नये. दाबून बसलेली कॉइल स्प्रिंग आधार सुटताच आर्मला जोराने खाली झुगारू शकते आणि त्यात हात कायमचा जायबंदी होऊ शकतो. जुना भाग निघाला, की बसणीभोवतीचा पत्रा खरवडून, टोकदार पेचकसाने टोचून पाहावा. सांगाडा पत्र्याचाच असल्याने तो तेथे गंजून भुसभुशीत झाला असेल, तर आधी पत्र्याचे काम करावे, शॉक ॲब्झॉर्बर नंतर बसवावा.

दुकानात आडवा पडून राहिलेल्या नव्या भागाच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. साध्या तेलाच्या प्रकारात ती काढण्यासाठी तो उभा धरून सावकाश पूर्ण उघडावा, मग उलटा करून पूर्ण दाबावा, आणि मध्येच जाणवणारी पोकळ ढिलाई नाहीशी होऊन सर्वत्र सारखा विरोध लागेपर्यंत ही क्रिया करत राहावी. त्यानंतर बसवेपर्यंत तो उभाच ठेवावा. चकचकीत दांड्याला पकड कधीही लावू नये, कारण त्यावरचा एक बारीक ओरखडाही प्रत्येक हालचालीत सीलला कापत राहतो. दांड्याच्या टोकाशी रबरी वॉशर असतील, तर रबर फुगून त्यावरील धातूच्या वाटीच्या काठापर्यंत आले की नट आवळणे थांबवावे. आडव्या बोल्टवर बसणारा रबरी बुश असेल, तर गाडी चाकांवर टेकवून, तिचे वजन स्प्रिंगवर आल्यानंतरच तो बोल्ट शेवटचा आवळावा. चाके लोंबकळत असताना आवळला, तर रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेले राहून लवकर फाटते. काही शे किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत.

काढलेले शॉक ॲब्झॉर्बर भंगारात देऊ नयेत. कोणता कोणत्या चाकाचा, हे लिहिलेली चिठ्ठी बांधून आणि मापांची नोंद करून ते ठेवावेत, म्हणजे मूळ वस्तूचा पुरावाही राहील आणि पुढील बदलाच्या वेळी ताडून पाहण्यास आधारही मिळेल. गाडी मात्र नव्यांवर चालावी. पद्मिनी कुटुंबाला घेऊन घाट चढावी, शहरातील खड्ड्यांतून जावी, यासाठी घडवली गेली होती. ती चाल शाबूत राहणे हेच तिचे जतन आहे, आणि त्यासाठी एका झिजलेल्या जोडीला निरोप देण्यात कोणताही अपराध नाही. तरी हे काम आपण पुढे ढकलू नये, ही आग्रहाची विनंती.

काकूंस सा. न. सांगावा. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

कळावे,
आपला पुतण्या